बाभूळ या नावाने

६ एप्रिल, सोमवार

शुक्रवारचा शेवटचा तास शिवणाचा. बिशप येणार म्हणून सिस्टरने एकच मोठा टेबलक्लॉथ काढला होता. कापड एक, मुली दोन. शाहीन त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये लेझी डेझीची रांग. टाके घालत एकमेकींकडे यायचं. तास संपता संपता कोपराला कोपर लागलं. शाहीन म्हणाली, "किती हळू गं तू, मी केव्हाची येऊन राह्यले." एवढंच. नववीत होतो.

आज आठवलं कारण माझ्या गोष्टीचा चौदावा भाग ग्रुपवर टाकला. त्यात मारेन आणि ओडा फाटलेलं शीड दोन टोकांनी शिवतात. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर लाल बदाम पडत होते. मिरची नावाच्या मुलीने लिहिलं, "बाभूळ, काय खाऊन लिहितोस रे तू?"

मी चौसष्ट वर्षांची. सकाळी इसबगोल खाते.

गेल्या वर्षी गुडघ्यामुळे दोन महिने पलंगावर होते तेव्हा ऋजूने, माझ्या नातीने, टॅबवर एक गेम घालून दिला. इंग्रजी नाव लांबलचक आहे, मी तळगाव म्हणते. तळ्यात बेट, बेटावर गाव. नावेने उतरायचं, भाजीपाला पेरायचा, शेजाऱ्यांशी ओळखी करायच्या. सुरुवातीलाच विचारतात, बाई की पुरुष. मी पुरुष घेतला, टोपीवाला. बेटावर वाटेल तिथे हिंडायला मोकळं वाटलं. मारेन नाव वल्हवते. ओडा दिवे दुरुस्त करते. ओडाला अख्ख्या गेममध्ये कामाचं असं एकच वाक्य आहे: "मारेन भेटली तर सांग, तिचा दिवा झालाय." त्या वाक्यावरून चाळीस पोरं वर्षभर गोष्टी लिहीत आहेत, चित्रं काढत आहेत, की या दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे. मीही.

ऋजूशिवाय कुणाला माहीत नाही. खातंसुद्धा तिच्याच ईमेलवर काढलेलं.

९ एप्रिल, गुरुवार

ग्रुपवर भांडण. नवीन आलेला एक, नाव बुलेट. "गेम बनवणाऱ्यांनी त्या दोघी शेजारणी दाखवल्यात. तुम्ही लोकं उगाच घाण करून राह्यले." मिरची म्हणाली, "शेजारणी ना? मंग वर्षभर एकीचाच दिवा कसा बिघडतो रे भाऊ? वायरमन न्हाई का गावात?" सगळे हसले. मीही पलंगावर एकटी हसले. मग तो माझ्याकडे वळला. हा बाभूळ कधी कॉलवर येत नाही, याचा फोटो नाही, असेल कुणीतरी मिशीवाला काका, बायांच्या गोष्टी लिहून मजा घेणारा.

काका नाही. पण जे आहे ते सांगितलं तर ही पोरं काय म्हणतील? आपल्या आजीएवढी बाई आपल्यात बसून...

कासवने त्याला काढून टाकलं. ग्रुप कासव सांभाळते. कोल्हापूरची, कॉलेजात आहे. दिवाळीपर्यंत सगळे तिला तो म्हणत. एक दिवस तिने लिहिलं, आजपासून मला ती म्हणा. दुसऱ्या दिवसापासून सगळे ती म्हणू लागले. कुणी कारण विचारलं नाही. मी त्या दिवशी तिची ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

त्यांची एक रीत मला फार आवडते. प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर पाटी लावायची. कोण कुणावर प्रेम करतं, कुणी मरतं का, शेवट कसा. ज्याला सोसणार नाही त्याने आधीच परत फिरावं. आमच्या वेळी कशावरच पाटी नसायची.

कासव विचारते, मे महिन्यात छापील पुस्तिका काढतोय, त्यात तुझे सगळे भाग. नाव काय टाकू? 'कळवतो' म्हटलं.

११ एप्रिल, शनिवार

जालन्याला. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, बोलताना हात धरतात. त्याचीच भीती वाटली. पिशवी काढायची. गाठ आहे, काढल्यावर तपासायला पाठवतील. संभाजीनगरला, २९ तारखेला.

येताना महेश गाडीत म्हणाला, "आई, कायले घाबरते. आजकाल रोज होऊन राह्यले असे ऑपरेशन." स्टिअरिंगवर त्याची बोटं वाजत होती. लहानपणी परीक्षेच्या आधी बाकावर वाजवायचा तशी.

ऋजूचा पुण्याचा फॉर्म भरायचाय. अ‍ॅनिमेशन. शेवटची तारीख ३०. महेशने हो म्हटलंय, सही तेवढी राहिली. माझ्या ऑपरेशनच्या धावपळीत राहून जायला नको.

१३ एप्रिल, सोमवार

काय लिहू.

सकाळी वैशालीला (सून, जि.प. शाळेत शिकवते) मुलांची माहिती भरायची होती. तिचा फोन अडकत होता. टॅब मागितला. मी दिला. पदराने पुसून दिला!

अर्ध्या तासाने तिने महेशला दुकानातून बोलावून घेतलं. बी-बियाण्यांचं दुकान सोडून तो भरदिवसा घरी येत नाही. मला वाटलं डॉक्टरांचा फोन आला. दोघं आत. मग हाक: "ऋजुता." पूर्ण नावाने.

पंधरावा भाग उघडा होता. ओडा ताप बघायला मारेनच्या मानेवर हात ठेवते आणि काढत नाही, तो. पुढे एका ओळीत चुंबन आहे. एकच ओळ. आठ दिवस लागले होते मला ती लिहायला.

"हे काय लिहून राह्यली तू? दोन बायांचं?" महेशने विचारलं.

ऋजूने टॅबकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी गवार निवडत होते.

"कोण हे बाभूळ? तूच ना? नाव तुझंच दाखवून राह्यलं इथं."

"हो. मीच."

"कोणी शिकवलं?"

"कोणी न्हाई."

मी गवार निवडत राहिले. निवडलेली पुन्हा निवडली.

टॅब आणि ऋजूचा फोन कपाटात, किल्ली महेशच्या खिशात. पुणं बंद. "इथं डोळ्यासमोर असून हे. पुण्यात काय करशील? इथंच बी.एस्सी. कर, भोकरदनला काय कॉलेज न्हाई का?"

एक शब्द बोलले नाही मी.

१४ एप्रिल, मंगळवार

एकदा असंच. जालन्याचा स्टँड. शाहीनचं लग्न होऊन तीन महिने झाले होते, माहेरी येऊन परत शहागडला निघालेली, सोबत दीर. मी निरोप द्यायला गेले. गाडी लागली होती. तिने खिडकीतून विचारलं, "काही बोलायचंय?" मी म्हटलं, पोचल्यावर पत्र टाक. गाडी गेली. पत्र आलं, खुशालीचं. घरी फोन आले तेव्हापासून ईदला माझा फोन, दिवाळीला तिचा. दरवर्षी. मध्ये काही नाही.

त्या दिवशी गप्प बसल्याने कुणाचं नुकसान झालं तर माझं, तिचं. काल ऋजूचं झालं.

दुपारी वैशाली माझ्या खोलीत येऊन बसली. डोळे सुजलेले. "आई, तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकते ती." मग हळूच, "सगळे भाग वाचले मी. काल रात्री बसून. इतकं बारीक लिहिलंय, आई. ती बाई नाव बांधते अन् दुसरी दाराआडून दोरीचा आवाज ऐकते... सतरा वर्षांच्या पोरीला कसं कळतं हे? मला रडू आलं. मंग रडले त्याची लाज वाटली."

माझी छाती भरून आली. लिहिणाऱ्या बाईची. दुसऱ्याच क्षणी वाटलं, केवढी निर्लज्ज मी, पोरगी रडतेय आणि मला कौतुक गोड लागतंय.

"आपल्या घरात कुठून आलं हे?" तिने विचारलं.

मी तिला पाणी आणून दिलं.

१७ एप्रिल, शुक्रवार

गच्चीवर कुरडया. वैशाली खाली चीक हाटत होती, ऋजू सोऱ्या फिरवत होती, मी प्लास्टिकचा कागद सरकवत होते. पहिल्यांदा दोघीच.

म्हटलं, मी सांगते तुझ्या बाबाला.

"आजी, तू गप बस. माझं चुकायचं वय आहे. दोन वर्षांत विसरतील. तुझं न्हाई विसरणार. म्हणतील म्हातारीनंच पोरगी बिघडवली. मंग माझं पुणं पण गेलं अन् तुझी इज्जत पण."

"तुझं आत्ताच गेलंय ना?"

तिने एक कुरडई पूर्ण केली, शेवटचं टोक बोटाने तोडलं.

"अन् मी काही सगळंच खोटं न्हाई बोलले."

ऊन डोक्यावर. मी विचारलं नाही, काय खोटं नाही. विचारायला हवं होतं? की न विचारलं हेच बरं? माझ्या ओठांवर ते जुनंच आलं होतं, पत्र टाक छापाचं काहीतरी. म्हणून तोंड मिटलं. मग तिच्या हातातला सोऱ्या घेतला आणि म्हटलं, "जा, सावलीत बस." तिने जाताना माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं. पिठाचे डाग पडले.

आता दोघींची भीती आहे. एक लिहिणारी, ती मी. एक न सांगणारी, ती ऋजू.

१९ एप्रिल, रविवार

रक्त तपासायला जालन्याला. वैशाली शाळेच्या कामात, म्हणून मी आणि महेशच. ठरवून गेले होते. राजूरच्या अलीकडे सांगून टाकलं. महेश, त्या गोष्टी मी लिहिल्यात. बाभूळ मी आहे.

त्याने गाडीचा वेग कमी केला. माझ्याकडे पाहिलं. आणि हसला. आठवड्यात पहिल्यांदा.

"आई, तुला फॅमिली ग्रुपवर नमस्कार टाकता येत न्हाई. तीन तीन वेळा पडतो. अन् पंधरा भाग लिहिले म्हणते?"

"खरं सांगते."

"तू तिला वाचवून राह्यली. मला कळतं. बाबा मारायला यायचे तवा मलाबी असंच पाठीशी घालायची. पेढे मीच खाल्ले म्हणायची." मग हसू गेलं. "पण हे असलं आपल्या अंगावर नको घेऊ. पेढे अन् हे एक न्हाई. तू शिक्षिका होतीस. गावात नाव आहे तुझं. तुझ्या तोंडात शोभत न्हाई."

आधी सुटल्यासारखं वाटलं. खरं बोलले, कुणाला इजा झाली नाही. राजूरची कमान येईपर्यंत तसंच वाटत होतं. मग कळलं, ऋजू आहे तिथेच आहे. उलट आता मी सांगितलंही आणि काहीच झालं नाही.

म्हातारीने एवढं मनात ठेवलं असेल असं त्याला वाटूच शकत नाही. त्याचा दोष नाही. मीच चाळीस वर्षं तशी वागले.

२१ एप्रिल, मंगळवार

पुरावा आहे.

ट्रंकेत तीन वह्या आहेत. मी आधी वहीत लिहिते, मग एका बोटाने टॅबवर चढवते. खाडाखोड, तारखा, माझं अक्षर. महेशने माझ्या अक्षरावरून बाराखडी गिरवली. पाहताच पटेल.

पण वहीत मारेन आणि ओडा नाहीत. वहीत शा. आणि मी आहोत. तळं नाही, जालना आहे. कॉन्व्हेंटचा जिना, तिच्या वडिलांच्या कापडदुकानाची मागची खोली, स्टँड. नावं आणि जागा मी टॅबवर चढवताना बदलते. शाळेत मुलींना शिकवायचे तसं, आधी कच्चं, मग पक्कं.

कच्चं दाखवायचं म्हणजे सगळंच दाखवायचं.

दुपारभर काळ्या पेनाने शा. खोडत बसले. चार पानं झाली. मग पाहिलं, खोडलेलं उजेडात वाचता येतं, आणि इतकं खोडलं की लपवलंय हेच आधी दिसतं. नवीन वहीत उतरवून काढावं तर महेश म्हणेल, टॅबवरून उतरवलं. पेन ठेवून दिलं.

हे गेले त्याला चार वर्षं. यांच्याशी माझा संसार खोटा नव्हता. तापात यांच्या उशाशी बसले तेव्हा दुसरं कुणी मनात नव्हतं. हे कुणाला समजावून सांगू? वही वाचून महेशला वाटेल, बाबांना फसवलं आईने. मी तसं केलं का? विचारायला ते नाहीत.

शा.चं काय? तिचाही मुलगा आहे, सून आहे. वही तिची नाही, पण वहीत ती आहे. तिला न विचारता कशी देऊ.

ऋजू दोन दिवस नीट जेवली नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

ईद नाही, दिवाळी नाही. शाहीनला फोन केला. दुपारी अडीचला, सगळे बाहेर असताना.

"कौन गुजर गया?" उचलल्या उचलल्या.

"कुणी नाही गं."

"फिर दोपहर को फोन कैसा? मेरे तो हाथ-पाँव ठंडे हो गए बाबा."

मागे ट्रकचे हॉर्न. तिच्या मुलांचं स्पेअर पार्टचं दुकान हायवेवर, घर वरच्या मजल्यावर. ऑपरेशनचं सांगितलं. ती म्हणाली, मेरा तो दस साल पहले निकाल दिए, हल्का लगता. मग मी म्हटलं, शाहीन, मी गोष्टी लिहिते. तुझ्यावर लिहिल्यात.

"हौ? क्या लिखी? मोटी तो नहीं लिखी?"

"नावाडीण केलंय तुला."

"मैं? गोदावरी दरवाजे पे है, मैं पुल पे से नीचे नहीं देखती, चक्कर आता! और तू क्या बनी?"

"मी दिवे दुरुस्त करते."

"वो बराबर है. तेरे को फ्यूज बांधना आता था." हसली. मग, "फिर? क्या होता दोनों का?"

"एका घरात राहतात."

एक ट्रक गेला, दुसरा गेला. वाटलं, फोन तुटला.

"नाम बदली ना?"

"टॅबवर बदललं. वहीत नाही. शा. लिहिलंय." मग सगळं सांगितलं. ऋजूचं, महेशचं, तीन वह्यांचं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शाळेत सुद्धा इतका वेळ गप्प बसली नव्हती.

"मंदा," ती म्हणाली, "मेरी बहू भी पढ़ी-लिखी है. सोच के कर."

"नको देऊ म्हणतेस?"

"मैं क्या बोली? सोच के कर बोली." थांबून, "स्टँड का लिखी?"

"हो."

"मैं रोई वो लिखी?"

"तू कुठे रडलीस? तू तर खिडकीत हसत होतीस."

"बस हिली, तब से वडीगोद्री तक. देवर समझा, मेरे को गाड़ी लगती. उतर के नींबू ला के दिया." मग तिची सून हाक मारत असावी, "आ रही, आ रही" म्हणून तिला ओरडली. मला घाईने म्हणाली, "कभी पढ़ के सुना. लेकिन धीरे पढ़, तेरी मराठी बहुत जल्दी भागती."

फोन ठेवला. लिंबू! एवढी वर्षं मला ते लिंबू माहीत नव्हतं.

हो म्हणाली की नाही म्हणाली? दहा वेळा आठवून पाहिलं. दोन्ही म्हणाली.

२५ एप्रिल, शनिवार

पहिली वही वैशालीला दिली. महेशला नाही. तिने आधीच वाचलंय, रडलीय. तिच्यापासून सुरुवात करावी.

वहीला खाकी कव्हर आहे. त्यावर पोरांच्या रीतीने पाटी लिहिली: दोन बायका. प्रेम. कुणी मरत नाही. वाचणाऱ्याला ओळखीचं माणूस भेटेल, सांभाळून.

ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. म्हटलं, हात धू आणि हे घे.

उघडलं. एक पान. मग पीठ लागलेलं बोट तारखेवर ठेवलं. मागच्या वर्षीची, गुडघ्याच्या वेळची. माझं अक्षर ती रोज किराण्याच्या यादीत बघते.

"आई, हे..."

"वाच आधी. मग बोल."

तव्यावरची पोळी करपली. तिने वही डाळीच्या डब्यामागे ठेवली आणि दुसरी पोळी घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. जेवताना महेश म्हणाला, "आज पोळ्या काळ्या कायच्या?" ती म्हणाली, "गॅस मोठा झाला."

ऋजूला काही सांगितलेलं नाही.

२६ एप्रिल, रविवार

काही नाही. वैशाली बोलायचं तेवढंच बोलते. औषध घेतलं का. पाणी तापलंय. चहात साखर दोनदा पडली, मी प्यायले.

डब्यामागे पाहिलं. वही नाही.

महेशला दाखवली असेल तर तो असा शांत बसला नसता. की बसला असता? मला माझ्या मुलाचा राग ओळखता येतो असं वाटायचं.

२७ एप्रिल, सोमवार

बॅग भरताना वैशाली आली. दार लोटून घेतलं. साड्यांच्या घड्या करता करता विचारलं, "शा. म्हणजे ईदला फोन करता त्या?"

"हो."

"बाबांना माहीत होतं?"

"मैत्रीण आहे एवढं माहीत होतं. बाकी माझं मलाही नीट माहीत नव्हतं."

तिने घडी मोडून पुन्हा घातली. "मी इतकी वर्षं तुमच्या शेजारी पोळ्या लाटून राह्यले, आई." रागाने म्हणाली की कशाने, कळलं नाही. डोळे पाण्याने भरलेले होते पण आवाज कोरडा.

"ऋजूने तुमचं नाव घेतलं न्हाई," ती म्हणाली. "आई म्हणून मला तिचा राग यावा की काय यावं?"

"फॉर्मची तारीख ३० आहे."

"माहीत आहे मला."

"तू महेशला सांगतेस का, मी सांगू?"

"तुमच्या ऑपरेशनच्या आधी न्हाई. ते गाडी चालवणार तुमची." दाराशी गेली, थांबली. "अन् ऋजूनं लिहिलं न्हाई म्हणून प्रश्न मिटला असं न्हाई ना. ती म्हणाली, मीच. मी तिचा चेहरा पाहिला. मला थोडा वेळ द्या."

तिच्याकडे वेळ आहे. ऋजूकडे तीन दिवस.

२८ एप्रिल, मंगळवार. संभाजीनगर, दवाखाना

खिडकीजवळची खाट. संध्याकाळ. उद्या सकाळी नऊला नेतील. महेश आणि वैशाली खाली चहाला गेलेत, तिची पर्स इथेच आहे. नर्स कागदावर सही घेऊन गेली.

गाठ कसली ते आठवड्याने कळेल. भूल, वय, रक्तदाब, सगळं सांगून झालंय. म्हणून लिहून ठेवते, वैशाली, तुझ्यासाठी. ही डायरी तुझ्या पर्समध्ये घालणार आहे.

दोन आणि तीन नंबरच्या वह्या माझ्या ट्रंकेत, शालीखाली. त्या महेशला. उद्या २९, संध्याकाळी, मी शुद्धीवर असो वा नसो. एक नंबर तू वाचलीस, ती तूच ठेव. त्याला हवी तर तुझ्याकडून मागून घेऊ दे. वाचताना त्याच्याजवळ बसू नको. त्याला कुणासमोर रडता येत नाही. त्याला एवढं सांग की तिसऱ्या वहीत त्याच्या बाबांची दहा पानं आहेत, आणि ती खरी आहेत.

फॉर्म महेशच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे. ३० तारखेला दुपारी पाचपर्यंत. त्याने सही केली नाही तर तू कर. आईची चालते, मी वाचून पाहिलंय.

टॅब ऋजूला. खातंही तिचंच आहे, तिच्याच नावावर राहू दे. सोळावा भाग अर्धा झालाय. तिला वाटलं तर पुरा करील, नाही तर राहील. शेवट तिचा ती ठरवील. तिला काही सांगायचं असेल तर ऐक, आणि मध्ये बोलू नको. मला जमलं नाही.

ऋजूने कासवला कळवायचं की पुस्तिकेवर नाव मंदाकिनी टाक. आडनाव नको, ते महेशचंही आहे. वय टाकायला हरकत नाही. मिरचीला सांगायचं, इसबगोल.

माझा चष्मा उद्या नर्सकडे देईन, तो परत घेणे.

शाहीनला काही पाठवायचं नाही. तिच्या घरी पोस्टमन दुकानात देतो, पाकीट मुलं फोडतात. माझं काही बरंवाईट झालं तर तिला फोन करायचा, दुपारी अडीचला. पहिल्या वाक्यातच सांगायचं कोण गेलं, ती तेच विचारील. मग ऋजूने तिला स्टँडचा भाग वाचून दाखवायचा. हळू. फोनचा स्पीकर लावू नये.